चिनूचं फाटक

बेगमला सातवा महिना लागला तेव्हा घरात पहिला प्रश्न निघाला तो दवाखान्याचा नव्हता, चिनूचा होता. रात्रीची भांडी आवरता आवरता अम्मीने विचारलं, "याचं काय करणार आहेस?" याचं म्हणजे सपरीत पोत्यावर पाय पसरून पडलेल्या, सहा किलोच्या पांढऱ्या कुत्र्याचं. (सपरी म्हणजे आमच्या भंडाऱ्याकडची ओसरी.)

चिनू आम्ही हौसेने आणलेला नाही. जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत नोकरीला असलेले एक शेजारी बदली होऊन गेले. तिकडे क्वार्टर मिळेपर्यंत दोन महिने सांभाळा म्हणाले. त्याला आता चार वर्षं झाली. आपल्याकडे ज्याला सगळे पामेरियन म्हणतात तो बहुतेक वेळा भारतीय स्पिट्झ असतो, तसाच हा. आला तेव्हा त्याचं नाव स्नोई होतं. आमच्या गल्लीत ते कुणाच्या जिभेवर बसेना. धानाच्या जिल्ह्यात पांढऱ्या वस्तूला तांदळाचं नाव द्यायला कितीसा वेळ लागतो? बेगमने चिन्नोर म्हटलं, त्याचा चिनू झाला.

"दारापुरता ठीक होता," अम्मी म्हणाली. "आता घरात लेकरू येणार. मी नमाज कुठे पढायची आणि लेकरू कुठे ठेवायचं?"

मुस्लिम घरात कुत्रा म्हटल्यावर वाचकांपैकी काहींच्या भुवया वर गेल्या असतील, आणि काहींना हा वाद काय आहे तेच कळलं नसेल. दोघांसाठी थोडं सांगतो. ज्या घरात कुत्रा असतो तिथे रहमतीचे फरिश्ते येत नाहीत, ही हदीस आपण लहानपणापासून ऐकतो. शिकार, गुरं किंवा शेती यांच्या राखणीशिवाय कुत्रा पाळला तर रोज सवाब घटतो, हीही. त्याचबरोबर तहानेल्या कुत्र्याला पायातल्या मोज्यातून पाणी पाजणाऱ्या बाईला माफी मिळाली, ही हदीसही तितकीच प्रसिद्ध. सूरह माइदामध्ये शिकवलेल्या कुत्र्याने पकडलेली शिकार हलाल ठरवली आहे. पाकीच्या बाबतीत चारही मसलकांचं एकमत नाही. मालिकी कुत्र्याला नापाक मानत नाहीत. कोकणातले आपले शाफई बांधव सगळ्यांत कडक. कुत्र्याचं ओलं अंग लागलं तरी सात वेळा धुणं आणि त्यातलं एकदा मातीने. आम्ही विदर्भातले बहुतेक हनफी. आमच्याकडे लाळ नापाक, पण कोरडा कुत्रा कपड्याला घासून गेला तर कपडा नापाक होत नाही.

हे सगळं मी अम्मीसमोर मांडलं. मला वाटलं, मी बऱ्यापैकी तयारी केली आहे. वर हेही म्हटलं की चिनू राखण करतो. यावर बेगमलाही हसू आवरलं नाही. चिनू पोस्टमनवर भुंकतो, गॅसवाल्यावर भुंकतो, आणि एकदा खरोखर सायकल चोरीला गेली त्या रात्री तो झोपला होता.

मग मी माझा शेवटचा पत्ता काढला. अम्मी दर जुम्म्याला सूरह कहफ पढते. गुहेत झोपलेल्या त्या तरुणांसोबत त्यांचा कुत्राही होता, आणि कुराणाने त्यांची मोजदाद सांगताना त्याला वगळलं नाही. मी म्हटलं, "अम्मी, अल्लाहने ज्याला त्यांच्यात मोजलं..."

"दारात होता तो," अम्मी मला मध्येच तोडत म्हणाली. "उंबऱ्यावर, पुढचे पाय पसरून. आत नव्हता. नीट पढ."

मी नीट पढलो. ती बरोबर होती.

अम्मीच्या नापाकीच्या बोलण्यामागे दुसरंही काही होतं, ते आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी काढत नव्हतं. तिचा धाकटा भाऊ नऊ वर्षांचा असताना पिसाळलेल्या कुत्र्याने चावून गेला. लाखांदूरकडचं खेडं. जखम पोटरीला, फार मोठीही नव्हती. त्यावर चुना आणि तिखट भरलं, एका जाणत्याकडून झाडून घेतलं. पोटात चौदा इंजेक्शनं घ्यावी लागतात, त्यासाठी इतक्या लांब रोज कोण नेणार, असा विचार झाला. दीड महिन्याने त्याला पाणी बघून झटके येऊ लागले. त्या काळातली ती लस मेंढीच्या मेंदूपासून बनायची आणि तिचा त्रासही बराच असे. भारतात ती २००४च्या अखेरीस बंद झाली. आता दंडाला चार-पाच वेळा टोचतात आणि सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. जखम खोल असेल तर तिच्या आसपास सीरम वेगळं द्यावं लागतं, ते मात्र अजूनही पुष्कळांना माहीत नसतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबात संशयित पिसाळलेल्या जनावरांनी चावलेल्यांपैकी ४० टक्के १५ वर्षांखालची मुलं असतात. अम्मीला हा आकडा सांगायची गरज नव्हती.

म्हणून जेव्हा एका नातेवाइकाने उपाय सुचवला, की पोत्यात घाल आणि कारध्याच्या पुलापलीकडे सोडून ये, तेव्हा मला वाटलं अम्मी हो म्हणेल. ती म्हणाली, "सोडायचा असता तर मी तुला विचारलं नसतं." वैनगंगेपलीकडच्या गावकुत्र्यांमध्ये चिनू एक रात्र टिकला नसता. पाळलेलं जनावर असं उपाशी मरायला टाकणं १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हाही आहे. पण अम्मीने कायदा पाहिला नव्हता.

त्या रात्री ठरलं ते एवढंच: चिनू राहील, उंबऱ्याच्या बाहेर राहील.

आता बेगम माहेरी जाणार होती, पवनीला. पहिलं बाळंतपण माहेरी आणि चाळीस दिवस झाल्याशिवाय परत नाही. म्हणजे माझ्या हातात साडेतीन महिने होते आणि घरात मी, अम्मी आणि कुत्रा. मोबाइलवर याविषयी जे काही वाचलं त्यात आई दवाखान्यातून तिसऱ्या दिवशी बाळ घेऊन घरी येते. आपल्याकडच्या रिवाजाचा हा फायदा मला तोवर कधी सुचला नव्हता.

चिनूला घेऊन सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात गेलो. तिथे रांगेत दोन गाई, एक म्हैस आणि शेळ्यांचा कळप. कंपाउंडर म्हणाले, "याले का झालं जी?" मी म्हटलं, काही झालं नाही, घरी बाळ होणार आहे. ते डॉक्टरांना ओरडून म्हणाले, "सर, कुत्र्याच्या घरी पाळणा हालणार आहे!" म्हशीवाल्यासकट सगळे हसले.

डॉक्टरांनी मात्र वेळ दिला. रेबीजची वर्षाची लस दोन महिन्यांनी संपत होती, ती आधीच टोचली. जंतांचं औषध दिलं आणि दर तीन महिन्यांनी चुकवू नका म्हणाले. कुत्र्याच्या विष्ठेतून गोलकृमींची अंडी मातीत मिसळतात, मातीतून रांगत्या मुलाच्या तोंडात जातात, आणि त्यांच्या अळ्या क्वचित डोळ्यापर्यंतही पोहोचतात. पण अंडी ताजी असताना बाधत नाहीत, त्यांना पिकायला दोनेक आठवडे लागतात. विष्ठा रोजच्या रोज उचलली तर निम्मं काम झालं. गरोदरपणात गर्भाला इजा करणारा जो आजार सगळ्या मावश्या कुत्र्याच्या नावावर खपवतात, तो मांजराच्या विष्ठेतून येतो, हेही तिथेच कळलं. कुत्र्याचा केस पोटात गेला की पोटात गोळा होतो, या गोष्टीवर डॉक्टर नुसते हसले.

निघताना म्हणाले, "जे काही बदलायचं ते बाळ यायच्या आधी बदला. बाळ आलं त्याच दिवशी त्याला बाहेर काढाल, तर तो हिशेब बाळाशी जोडेल."

चिनू तोवर थंडीत आमच्या पलंगाच्या पायथ्याशी झोपायचा. अम्मीला ते माहीत नव्हतं, किंवा माहीत असून ती बोलत नव्हती. बेगम पवनीला गेली त्याच आठवड्यात मी मिस्त्रींना बोलावलं आणि मधल्या खोलीच्या दाराला कमरेइतक्या उंचीचं लाकडी पट्ट्यांचं फाटक बसवायला सांगितलं. "कुत्र्यासाठी फाटक का जी?" त्यांनी विचारलं. वैरणीसाठी, गाईसाठी, कोंबड्यांसाठी त्यांनी फाटकं केली होती. हे पहिलंच. चिनूचं पोतं, त्याची वाटी आणि तो स्वतः फाटकाच्या अलीकडे सपरीत आले. पहिल्या पाच रात्री तो रडला. सहाव्या रात्री मीच सपरीत चटई टाकून झोपलो, जे करायला नको होतं, कारण मग तीन रात्री आणखी रडला.

रडण्याचा आवाज ही पुढची गोष्ट. मेव्हणीने तिच्या चार महिन्यांच्या मुलाचं रडणं मोबाइलवर भरून पाठवलं. आवाज अगदी बारीक ठेवून ते लावायचं आणि त्याच वेळी चिनूला उकडलेल्या अंड्याचा तुकडा द्यायचा. दर दोन दिवसांनी आवाज थोडा वाढवायचा. पंधरा दिवसांत अशी अवस्था आली की बाळ रडलं की चिनू शेपूट हलवत माझ्या खिशाकडे बघायचा. एका दुपारी शेजारच्या काकू धावत आल्या. त्यांना वाटलं, बेगम लवकर मोकळी झाली आणि आम्ही कळवलं नाही.

मला खरा धडा दिला तो झोळीने. पुस्तकी सल्ल्यांत चार पायांवर उभा पाळणा असतो. आपल्या घरी आढ्याच्या कडीला जुनी साडी बांधतात. मी अम्मीची एक साडी बांधली, आत टॉवेलात गुंडाळून तीन किलो तांदूळ ठेवले आणि झोका दिला. कडी कुरकुरली, झोळी चिनूच्या नाकासमोरून गेली, परत आली, आणि तिसऱ्या झोक्याला त्याने झेप घेतली. तांदूळ मधल्या खोलीभर. त्याला राग आला नव्हता, शेपूट हलत होती. जमिनीलगत हलणारी, आवाज करणारी, कापडात गुंडाळलेली वस्तू पकडायची असते, हे त्याच्या रक्तात आहे. मी सांडलेले तांदूळ वेचत बसलो आणि घाम पुसत राहिलो. त्या दिवसानंतर झोळी छातीइतक्या उंचीवर बांधायची ठरली, फाटकाच्या आत, आणि फाटकाला खिट्टीऐवजी वर कडी बसली. अम्मी दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, "बरं झालं, तांदूळच होते."

डिसेंबरात पवनीला मुलगी झाली. तिच्या कानात अजान मी दिली. सातव्या दिवशी अकीका झाला, जावळ काढलं, त्याच्या वजनाच्या चांदीची किंमत सदका दिली. मी शनिवारी एसटीने जायचो आणि रविवारी परत यायचो. पहिल्या खेपेला येताना तिचं वापरलेलं दुपटं प्लास्टिकच्या पिशवीत घालून आणलं. अड्याळला शेजारी बसलेल्या बाईंनी विचारलं, बाळाचं धुणं घरी नेताय का? मी हो म्हटलं. काय सांगणार?

दुपट्याला ओव्याचा आणि लोबानच्या धुरीचा वास होता, त्याखाली तेलाचा आणि आंबूस दुधाचा. चिनूने हुंगलं, दोनदा शिंकला, परत हुंगलं. मी दुपटं माझ्या हातात धरलं होतं. खेळायला किंवा पोत्यावर अंथरायला दिलं नाही. दर रविवारी नवीन दुपटं. चौथ्या रविवारी मी दारात आलो तेव्हा तो माझ्याआधी पिशवीकडे गेला.

चाळीस दिवसांनी गाडी दाराशी आली तेव्हा एक गोष्ट आम्ही आधी बोलून ठेवली होती. बेगमने बाळ गाडीतच अम्मीच्या हातात दिलं आणि रिकाम्या हातांनी सपरीत आली. चिनूने साडेतीन महिन्यांनी तिला पाहिलं होतं. तो उड्या मारत होता, ओरडत होता, गोल फिरत होता. तो शांत होईपर्यंत ती त्याच्याजवळ बसून राहिली. हात-पाय धुऊन आत गेली, आणि मग अम्मी बाळाला घेऊन. नजर उतरवायला उभ्या असलेल्या बायकांपैकी एक जण म्हणाली, "चाळिसावं करून आली आणि आधी कुत्रं पाहिलं!" बेगमच्या डोळ्यांत पाणी आलं. ती गोष्ट गल्लीत बरेच दिवस फिरली. तिची किंमत मला नाही, तिला मोजावी लागली, हे इथे लिहून ठेवतो.

आणि तरीही जे घडू नये ते घडलं, माझ्यामुळे.

जानेवारी-फेब्रुवारीत बाळाला मालिश करून कोवळ्या उन्हात ठेवतात. आमच्या घरात सकाळचं ऊन येतं ते फक्त सपरीत, म्हणजे चिनूच्या हद्दीत. म्हणून त्या तासाभरात त्याला मागच्या अंगणात बांधायचं ठरलं होतं. एके दिवशी मालिशवाल्या बाई बाळाला गोधडीवर निजवून गरम पाण्यासाठी आत गेल्या. मला वाटलं, बाळही आत गेलं. मी चिनूला सोडलं आणि दात घासत बसलो.

सपरीत आलो तेव्हा चिनू गोधडीवर तिच्या डोक्याशी उभा होता. तिने त्याच्या मानेखालचे केस मुठीत धरले होते. या वयात हाताला लागेल ते मूठ आपोआप आवळते आणि सोडायचं तिला कळत नाही. चिनू ताठ झाला होता. मान वळवून दुसरीकडे बघत होता, डोळ्यांचा पांढरा भाग दिसत होता, जीभ नाकावरून फिरत होती, आणि घशातून अगदी खालच्या पट्टीत गुरगुर येत होती. मी ओरडलो नाही, एवढीच माझी त्या दिवसाची कमाई. गुडघे टेकून तिची बोटं एकेक करून सोडवली. पाचवं बोट सुटताच चिनू मागे सरला आणि पोत्यावर जाऊन बसला.

माझा हात त्याला मारायला उठला होता. उठलेला खाली घेतला. गुरगुरणं ही त्याची बोली आहे. ते मारून बंद केलं तर पुढच्या वेळी तो न सांगता चावेल, हे डॉक्टर बोलले होते. त्याने सांगितलं होतं. ऐकायला तिथे कुणी नव्हतं.

अम्मी कधी आली मला कळलं नाही. तिने बाळाला उचललं, नळाखाली नेलं आणि तो इवलासा हात साबणाने धुऊ लागली. मनगट, बोटांच्या बेचक्या, दंड, कान, मान. उलटसुलट करून उजेडात बघायची आणि परत धुवायची. मी म्हटलं, अम्मी, दात लागले नाहीत, लाळही लागली नाही. ती धूत राहिली. कुत्रा चावला तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवावी, हे आजकाल दवाखान्यातल्या भिंतीवर लिहिलेलं असतं. अम्मीने घड्याळ पाहिलं नाही, पण तेवढी नक्की झाली असतील. पोरगी थंडीने रडत होती आणि सपरीतून चिनू त्याच्या सवयीने शेपूट हलवत माझ्या खिशाकडे बघत होता.

शेवटी बाळाला टॉवेलात गुंडाळत अम्मी म्हणाली, "त्याला नाही, तुला बांधून ठेवायला हवं."

त्या दिवसापासून बांधण्या-सोडण्याचं काम तिच्याकडे गेलं. ती चिनूला अजूनही हात लावत नाही. दोरीचं दुसरं टोक ओढणीच्या पदरात धरून त्याला मागच्या अंगणात नेते, आणि येऊन वजू करते. त्याची वाटी तिने वेगळ्या विटेवर ठेवली आहे, ती वाटी आमच्या भांड्यांत कधी येत नाही. बाळाच्या खोलीत फाटकापलीकडे तिचा मुसल्ला असतो. लाळ, भांडी, झोपायची जागा, या सगळ्यांवर ती पाकीच्या नावाने जो पहारा देते, तोच पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या डॉक्टरांनी जंतांच्या नावाने सांगितला होता. मी हे तिला एकदा बोलून दाखवलं. तिला त्यात काही विशेष वाटलं नाही.

पोरगी आता आठ महिन्यांची आहे. रांगत फाटकापर्यंत जाते आणि पट्ट्यांना धरून उभी राहते. पलीकडे चिनू लोळत असतो. डॉक्टर म्हणतात, खरी काळजीची वेळ आत्ता सुरू होते, कारण आता तीच त्याच्याकडे जाणार. मिस्त्रींनी पट्ट्यांमध्ये जे अंतर ठेवलं ते कुत्रा आत येऊ नये म्हणून ठेवलं होतं. तिचा हात त्यातून कोपरापर्यंत बाहेर जातो, हे काल अम्मीच्या लक्षात आलं. मिस्त्री सोमवारी येतो म्हणालेत. तोवर अम्मीने फाटकाच्या खालच्या भागाला जुनी सतरंजी शिवून टाकली आहे, आणि चिनू तिच्या दशा चघळतो म्हणून रोज सकाळी त्याच्यावर ओरडते.